सोलापूरच्या उन्हात बिनकेसांची मांजर: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

स्फिंक्स मांजर घ्यायचं ठरवलेल्या बहुतेकांच्या मनात एक हिशेब असतो: केस नाहीत, म्हणजे सोफ्यावर केस नाहीत, विंचरणं नाही, काम कमी. प्रत्यक्षात मांजरीच्या अंगावरचे केस दिवसभर बरीच कामं करत असतात. ऊन अडवतात, थंडी अडवतात, कातडीतून येणारं तेल शोषून घेतात, धूळ डोळ्याकानांत जाऊ देत नाहीत, दुसऱ्या मांजराच्या नखापासून वाचवतात. केस नसले की यातलं प्रत्येक काम घरातल्या माणसाला करावं लागतं. आणि सोलापुरात, जिथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, तिथे ते जरा जास्तच नेटाने करावं लागतं. जमतं, पण आधी समजून घेतलं तर.

आधी जात ओळखा

१९६६ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत एका साध्या घरगुती मांजरीला केस नसलेलं पिल्लू झालं. त्याचं नाव प्रून ठेवलं होतं. तो वंश पुढे टिकला नाही. आजच्या स्फिंक्स मांजरी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात आणि पुन्हा टोरांटोत जन्मलेल्या बिनकेसांच्या मांजरांपासून आल्या, आणि त्यांचा संकर इंग्लंडच्या डेव्हन रेक्स या जातीशी झाला. केआरटी७१ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे त्यांचे केस मुळाशी नीट धरत नाहीत, तुटून जातात. हा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू बिनकेसाचं होतं.

रशियातली डॉन्स्कॉय ही वेगळी जात. तिची सुरुवात १९८७ मध्ये रोस्तोव्ह-ऑन-डॉन या गावात सापडलेल्या मांजरीपासून झाली. तिथला गुण प्रभावी आहे, म्हणजे एका पालकाकडून आला तरी पुरतो. डॉन्स्कॉयच्या काही पिल्लांना जन्मतः केस असतात आणि वाढताना ते गळतात. तिचा ओरिएंटल शॉर्टहेअर या जातीशी संकर करून १९९४ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये पीटरबाल्ड तयार झाली; ती अंगाने सडपातळ, चेहऱ्याने लांबट. बॅम्बिनो नावाची आखूड पायांची बिनकेसांची मांजरही विकायला दिसते. माझं स्पष्ट मत आहे की ती घेऊ नये. केस नाहीत आणि पायही आखूड, दोन्ही अडचणी एकाच जिवावर लादण्याचं काही कारण नाही.

आपल्याकडे तुम्हाला भेटेल ती बहुधा स्फिंक्सच. वजन साधारण ३ ते ५ किलो, कान मोठे, पोट गोल, मानेवर आणि खांद्यावर वळ्या. अगदी तुळतुळीत नसते. नवजात बाळाच्या कानावर असते तशी मऊ लव तिच्या अंगावर असते. हात लावला की अंग गरम लागतं आणि नवीन माणूस घाबरतो, ताप आलाय म्हणून. ताप नसतो. कुठल्याही मांजराचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं, इथे मध्ये केस नाहीत म्हणून ते थेट जाणवतं.

स्वभावाने ही मांजर माणसाला धरून राहते. स्वयंपाकघरात तुमच्यामागे, हॉलमध्ये तुमच्या मांडीवर, रात्री तुमच्या पांघरुणात. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री येत असतील, तर तिला एकटं ठेवून तिचे हाल करू नका. अशा घराने दुसरं जनावर निवडावं.

घ्यायच्या आधी तीन गोष्टींचा विचार

पहिली ॲलर्जी. "बिनकेसांच्या मांजरीने ॲलर्जी होत नाही" हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. ॲलर्जी केसांमुळे होत नाही. मांजरीच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं, त्याने होते, आणि ते या मांजरीतही असतं. घरात कुणाला दमा असेल तर आधी कुणाच्या तरी मांजरीजवळ तास-दोन तास बसून पाहा, वेगवेगळ्या दिवशी.

दुसरी गोष्ट घरातल्या जेवणाची. सोलापुरात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, आणि मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. तिला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. दूध-चपातीवर मांजर जगवणं ही तिची उपासमारच आहे. घरात चिकन शिजवणं चालत नसेल तर निदान मांजरांचं तयार खाद्य चालेल का, हे आजी-आजोबांसकट सगळ्यांना विचारून घ्या. पिल्लू आल्यावर वाद नकोत.

तिसरी आणि सगळ्यांत जड गोष्ट आरोग्याची. स्फिंक्समध्ये हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, बराच आढळतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळ्या मांजरांचं सरासरी अपेक्षित आयुष्य ११.७ वर्षं निघालं, स्फिंक्सचं ६.७. त्यात स्फिंक्स मोजक्याच होत्या, आणि चौदा-पंधरा वर्षं जगलेल्या स्फिंक्सही आहेत. तरी हा आकडा डोळ्यांआड करू नये. नेदरलँड्सने तर १ जानेवारी २०२६ पासून बिनकेसांच्या मांजरी नव्याने पाळण्यावर बंदी घातली आहे, मिशा आणि केस नसल्याने प्राण्याला आयुष्यभर त्रास होतो या कारणाने. आपल्याकडे बंदी नाही, पण पिल्लू हातात घेण्याआधी हे माहीत असायला हवं.

पिल्लू कुठून आणि कसं घ्यावं

पिल्लाला आईसोबत, तिच्या घरी जाऊन पाहा. फोटोवर पैसे पाठवू नका. आई-बापाच्या हृदयाची टूडी-इको, म्हणजे सोनोग्राफी, झाली आहे का, केव्हा झाली, कागद दाखवा, असं सरळ विचारा. मेन कून आणि रॅगडॉल मांजरांसाठी या आजाराची जनुकीय चाचणी आहे, ती स्फिंक्सला लागू पडत नाही. तेव्हा कुणी "डीएनए टेस्ट क्लिअर" म्हणालं तरी इकोचाच आग्रह धरा. पेट शॉपसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. या जातीसाठी मी बारा आठवडे थांबायला सांगेन. तोवर पिल्लू आईकडून पुष्कळ शिकतं, पहिल्या लसी झालेल्या असतात आणि अंग थोडं धरलेलं असतं.

फसवणूकही होते. २०१७ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात साध्या पिल्लांचे केस काढून ती स्फिंक्स म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. अंगावरून उलटा हात फिरवून पाहा: खुंट टोचतात का, कातडीवर लाल चिरा आहेत का. मिशा लांब, सरळ, भरपूर असतील तर शंका घ्या. स्फिंक्सच्या मिशा नसतात किंवा तुटक, वाकड्या असतात. आणि गल्लीतल्या एखाद्या मांजरीचे केस चट्ट्याचट्ट्याने गेले असतील तर ती जात नव्हे, तो बहुधा नायटा किंवा खरूज आहे. तिला उपचार हवे आहेत, आणि नायटा माणसालाही लागतो.

घराची तयारी

ही मांजर पूर्णपणे घरात राहणारी. गच्ची, गल्ली, कंपाउंड, काही नाही. खिडक्यांना आणि बाल्कनीला बारीक, भक्कम जाळी आधी बसवून घ्या. डासांची जाळी वेगळी लावा, कारण डासांना हिच्या अंगावर कुठेही चावता येतं. अगरबत्तीसारख्या जळणाऱ्या कॉइलचा धूर तिच्या खोलीत करू नका, जाळीच बरी.

घरातल्या काही वस्तू बाहेर काढायच्या किंवा कुलपात ठेवायच्या. फरशी पुसायचं फिनाईल आणि जखमेला लावायचं डेटॉलसारखं जंतुनाशक यांतले घटक मांजरीचं यकृत पचवू शकत नाही. ती फरशीवरून चालते, पंजे चाटते, आणि हिची तर सगळी कातडीच फरशीला लागते. साध्या पाण्याने किंवा अगदी सौम्य साबणपाण्याने पुसा, मग पुन्हा स्वच्छ पाण्याने. चादरी-रजयांच्या पेटीतल्या डांबरगोळ्याही विषारीच. थंडीत पेटीतून काढलेली चादर धुवून, वाळवूनच तिच्याखाली घाला. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, तेही मांजरीला घातक.

गरम जागांकडे ती ओढली जाते: इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, नुकताच बंद केलेला गॅस. भाकरी उतरवली की तवा ओट्यावर तसाच ठेवू नका. दिवाळीत पणत्या उंचावर, आणि रंगपंचमीला तिला एका बंद खोलीत ठेवा; रंग कातडीवर बसला की चाटून पोटात जातो.

पहिला आठवडा

एकच खोली द्या. मऊ अंथरूण, पाणी, खाणं, आणि दुसऱ्या टोकाला लिटरची, म्हणजे शी-शूच्या वाळूची, परात. पहिले दोन दिवस आंघोळ नको, पाहुणे नकोत. शेजारच्या काकू येणारच आणि म्हणणारच, "अगं बाई, हिला काय झालंय?" शांतपणे सांगा, "काकू, ती जन्मतःच अशी आहे, आजारी नाही." लहान मुलांना बसूनच हात लावायला शिकवा. हिची कातडी नखाने, अंगठीने, बांगडीनेसुद्धा चटकन ओरखडते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. जंताचं औषध, ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित लस) आणि रेबीजच्या लसींचं वेळापत्रक, आणि स्टेथोस्कोपने हृदय तपासणी, एवढं त्या भेटीत व्हायला हवं. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करतात, पण भूल देण्याआधी हृदय तपासून घ्या, आणि शस्त्रक्रियेदरम्यान अंग गार पडू नये म्हणून काय करणार, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

खाणं

अंगातली उष्णता सतत बाहेर जात असल्याने ही मांजर तिच्या वजनाच्या मानाने जास्त खाते. ताट भरून एकदाच देण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. मुख्य खाणं मांजरांचं तयार, संपूर्ण आहाराचं. त्यात मांसाचं नाव पहिलं असावं. वरखर्चाला मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन किंवा अंडं. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, शेंगाचटणीचं बोटही नको. उन्हाळ्यात ओलं खाणं वाढवा आणि पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा. मातीच्या पसरट भांड्यात पाणी गार राहतं आणि मांजरी तिथे आवडीने पितात.

आंघोळ, कान, नखं

हा या मांजरीच्या देखभालीचा गाभा आहे. केस असलेल्या मांजरीचं तेल केसांवर पसरतं. हिचं कातडीवरच साठतं, त्यावर सोलापूरची धूळ बसते, आणि काखेत, मानेच्या वळ्यांत, शेपटीच्या मुळाशी तपकिरी चिकट थर होतो. तुमच्या पांढऱ्या चादरीवर तिच्या आकाराचा डाग दिसला की समजा आंघोळीची वेळ झाली. आठवड्यातून एकदा ते पंधरवड्यातून एकदा, एवढी बहुतेकींना पुरते. रोज घातली तर कातडी कोरडी पडते.

नळाला पाणी येतं तो दिवस ठरवून टाका. बोअरच्या जड पाण्यात शाम्पूचा फेस नीट होत नाही आणि नीट निघतही नाही. साठवलेलं नळाचं पाणी बरं. एक बादली आणि एक मग पुरतो, टब भरायची गरज नाही. पाणी कोमट, कोपराला गरमही लागू नये आणि गारही. पंखा आणि कूलर आधी बंद करा. नखं आदल्या दिवशी कापून ठेवा. बाथरूमच्या तळाशी जुना टॉवेल टाका म्हणजे तिचे पाय घसरत नाहीत. भीतीचं अर्धं कारण तेच असतं. मानेपासून खाली हळूहळू पाणी घाला, तोंडावर कधीच नाही. मांजरांसाठीचा बिनवासाचा शाम्पू तळहातावर पातळ करून वळ्यांमधून बोट फिरवा. घासणी, ब्रश, उटणं, बेसन, हळद यांतलं काही नको. मग दुप्पट वेळ धुवा. शाम्पूचा अंश राहिला की खाज सुरू होते आणि ती तो चाटतेही. चेहरा ओल्या मऊ कापडाने पुसा.

पुसण्यासाठी मात्र आपल्या गावात चांगली सोय आहे. आपला सुती टेरी टॉवेल पाणी भराभर शोषतो. दोन ठेवा: पहिल्याने टिपून घ्या, दुसऱ्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसा. वळ्यांमध्ये ओल राहू देऊ नका, तिथेच बुरशी धरते. आंघोळीनंतर खोबरेल तेल चोळायचा मोह पुष्कळांना होतो, बाळाला लावतो म्हणून. तेल काढण्यासाठीच आपण आंघोळ घातली होती. कातडी खरोखर कोरडी, पापुद्र्यांची दिसत असेल तर डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावा. आंबूस वास, सतत खाज, लाल चट्टे दिसले तर घरगुती उपाय न करता दाखवून या.

कानांत केस नसल्याने मळ आणि धूळ लवकर साठते. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेलं कानाचं द्रावण कापसाला लावून दिसतो तेवढाच भाग पुसा. काडीवरचा कापूस आत घालू नका. नखांच्या मुळाशी काळसर मेणासारखा मळ बसतो, तो ओल्या कापसाने निघतो. पापण्यांना केस नाहीत, म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट पदार्थ जमतो. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज सकाळी पुसा, दर डोळ्याला वेगळा कापूस. हिरड्या आणि दातही बघत राहा, या जातीत हिरड्यांचा त्रास होतो.

उन्हाळा

गंमत अशी की ३०-३२ अंशांना ही मांजर मजेत असते. आपण घामाघूम झालेले असतो आणि ती ऐसपैस पसरलेली. अडचण येते ती चाळिशी ओलांडल्यावर, आणि दुसरी अडचण आपण एसी लावल्यावर. २० अंशांवर लावलेली एसीची खोली तिच्यासाठी पौष महिना आहे. २७-२८ वर ठेवा, झोत तिच्या अंगावर येऊ देऊ नका, आणि त्या खोलीत तिच्यासाठी एक चादर घडी करून ठेवा. ती स्वतः आत-बाहेर करू शकेल एवढं दार उघडं असावं. कूलर सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगलं काम करतो, पण त्याचं पाणी वरचेवर बदला आणि ती त्यातलं पिणार नाही असं पाहा. पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली तिला दुपारी ठेवू नका. लाईट गेली तर खालच्या मजल्यावरची फरशी, ओला टॉवेल आणि पडदे, एवढी तयारी असू द्या.

उन्हाने तिची कातडी भाजते, आणि वर्षानुवर्षं ऊन लागल्याने कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. मार्च ते जून सकाळी नऊनंतर खिडकीत थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. माणसांचं सनस्क्रीन लावू नका. त्यातला झिंक ऑक्साइड चाटून पोटात जातो.

तोंड उघडं टाकून धापा, लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं ही उष्माघाताची लक्षणं. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी न वापरता साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंख्याखाली घ्या आणि तसंच दवाखान्याकडे निघा.

थंडी आणि पाऊस

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाट १३-१४ अंशांवर येते. तेव्हा जुन्या मऊ सुती टी-शर्टची बाही कापून केलेला अंगरखा पुरतो. खरखरीत लोकर टोचते. कपडा रोज बदला, कारण तेल त्यात मुरतं. सोलापुरी चादरीची चौघडी आणि तिच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, एवढ्यावर ती रात्रभर सुखाने झोपते. हीटरजवळ झोपू देऊ नका. यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री खिडक्या बंद ठेवा. पावसाळा आपल्याकडे बेताचाच; दमट दिवसांत वळ्या कोरड्या आहेत ना, तेवढं पाहत राहा.

हृदयाची तपासणी

वर्षाची झाली की पहिली टूडी-इको करून घ्या आणि पुढे दरवर्षी. स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू न येताही आजार असू शकतो. मांजरीची इको वाचू शकणारा डॉक्टर जवळ मिळेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा; नसेल तर पुण्याला, साधारण २५० किलोमीटर, जायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटे निघा, पिंजऱ्यात चादर घाला आणि गाडीचा एसी सौम्य ठेवा.

दोन तपासण्यांच्या मध्ये एक काम तुम्ही घरीच करू शकता. ती गाढ झोपलेली असताना छातीचं वर-खाली होणं अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास असावेत. आठवड्यातून एकदा मोजून वहीत तारखेसह लिहा. सलग दोन-तीनदा ३० च्या वर गेलं तर फोन करा, ४० च्या वर गेलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजे गार लागले, ती वेदनेने ओरडायला लागली, तर पायात रक्ताची गुठळी अडकलेली असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि त्या डॉक्टरांचा नंबर काय, हे पिल्लू घरी यायच्या आधीच त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.